मिलकाबाईंचा खजूर

मिलकाबाई झिराडकरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या कल्हईवाल्याशी वाद घालत होत्या. १९४२ च्या मार्चमध्ये सांगलीत गावभागात आमच्या समोरच्या घरात त्या नव्यानं राहायला आल्या होत्या. ओट्याखाली कल्हईवाल्याचा भाता फुसफुसत होता आणि ओट्यावर घरातलं एकूण एक तांब्यापितळेचं भांडं मांडलेलं होतं.

"बाई, साताऱ्यात केलेली ही कल्हई अजून नवी हाय," कल्हईवाला म्हणत होता. "ह्यात तोंड दिसतंय बघा. लढाईच्या दिसांत कथील मिळंना झालंय, आन् तुमी चकचकीत भांड्याला कल्हई लावा म्हणता!"

"दिसू दे तोंड. पुन्हा कर."

"लोक भांडं काळं पडल्यावर कल्हई करत्यात."

"आम्ही तारीख आली की करतो."

तारीख म्हणजे पेसाहची. मराठी बायबलात ज्याला वल्हांडण म्हटलं आहे तो हा सण. झिराडकर बेने इस्राएल होते, कुलाबा जिल्ह्याकडचे, शनिवारी काम बंद ठेवणारे ज्यू. साऱ्या सांगलीत आमच्या माहितीचं त्यांचं एवढं एकच घर. मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, फारो राजाच्या गुलामगिरीतून त्यांचे पूर्वज सुटले, ते इतक्या घाईनं निघाले की पीठ आंबवायलाही सवड मिळाली नाही. म्हणून या सणाचे आठ दिवस आंबलेलं, फुगलेलं काही खायचं नाही, आणि वर्षभर तसलं काही ज्या भांड्याला लागलं ते भांडंही तसंच वापरायचं नाही. त्यासाठी ही कल्हई. मिलकाबाईंनी शेवटी ती करून घेतलीच. कल्हईवाला जाताना एवढंच म्हणाला, "बाई मास्तरीण हायती वाटतं." त्याचा अंदाज बरोबर होता.

मास्तर मात्र त्यांच्या यजमानांना म्हणत. हाईम झिराडकर पोस्टात तारमास्तर होते. आयुष्यभर शब्द मोजून पाठवल्यामुळे ते बोलतही तसेच. "जेवण झालं. उत्तम. पान आहे?" एवढ्यात त्यांचं संभाषण संपे. मिलकाबाई त्यांच्या उलट. त्या पुण्यात वाढल्या, लग्न झाल्यावर सासूचा विरोध असताना ट्रेनिंग कॉलेजात गेल्या आणि शिक्षिका झाल्या. नवऱ्याच्या बदल्यांपायी दोन शाळा त्यांना अर्धवट सोडाव्या लागल्या होत्या, दुसरी साताऱ्याची. सांगलीला मुलींच्या शाळेत त्या भूगोल आणि गणित शिकवत. १९४३ च्या जूनमध्ये तिथं त्या कायम होणार होत्या. "आता मला इथून हलवायचं तर क्रेन आणावी लागेल," असं त्या मैत्रिणींना सांगत.

क्रेन आणायची गरज पडली नाही. पेणहून एक पोस्टकार्ड आलं.

ते सासूबाईंचं होतं. लेआबाई झिराडकर पेणला एकट्या राहत. लिहिता येत नसे, पण सांगायच्या मात्र अशा की लिहिणाऱ्याला एक शब्द बदलायची छाती होत नसे. मजकूर असा होता: "पेसाहला येते. बरोबर शालोममामा. घर बघीन. सण रीतीनं झाला तर बरा. नाय तर जाताना सून आणि नात माझ्याबरोबर पेणला येतील. तू खानावळीत जेव."

याला कारण घडलं होतं. आदल्या दिवाळीच्या सुमारास लेआबाई चार दिवस येऊन गेल्या. संध्याकाळी त्यांनी सहा वर्षांच्या नातीला, शुलाला, जेवायला हाक मारली. शुला म्हणाली, "आजी, दिवस मावळला. आता जेवलं तर पाप लागतं." लेआबाईंच्या हातातली वाटी खाली पडली. चौकशीअंती समजलं की शुलाला ही शिकवण शेजारच्या आक्काताईंनी दिली होती.

आक्काताई म्हणजे हळदीचे व्यापारी नेमिनाथ यांच्या पत्नी. जैन कुटुंब, झिराडकरांच्या भिंतीला भिंत लागून घर. मिलकाबाई शाळेत गेल्या की शुला आक्काताईंकडे असे. आक्काताई मनानं मोठ्या आणि रीतीला फार कडक. पाणी गाळल्याशिवाय प्यायचं नाही, कंदमूळ खायचं नाही, सूर्य बुडाला की चूल विझवायची. झिराडकरांचं त्यांना कौतुक वाटे, कारण ती मंडळी महिनोन्महिने मांसाला शिवत नसत. त्याचं खरं कारण निराळं होतं. झिराडकरांच्या धर्मात जनावर ठरावीक रीतीनं, माहीतगार माणसानंच कापावं लागतं, आणि साताऱ्यासारखाच सांगलीतही असा माणूस नव्हता. वर्षातून एकदा पेणला जाऊन येत, उरलेले अकरा महिने मास्तर कोंबडीच्या आठवणीवर काढत. आक्काताईंना मात्र ती अहिंसा वाटे.

"ह्या बाई निम्म्या जैनच हायती," असं त्या सगळ्यांना सांगत. दुर्दैवानं त्यांनी ते लेआबाईंनाही सांगितलं होतं.

पोस्टकार्ड आलं त्या दिवशी मास्तर म्हणाले, "आई येते. तयारी कर. घाबरू नको."

"तुम्ही खानावळ बघून ठेवलीत का?" मिलकाबाईंनी विचारलं. मास्तर पान लावायला उठले, त्यावरून बघून ठेवली असावी.

तयारीत कठीण एकच गोष्ट होती, खजूर. पेसाहच्या पहिल्या दोन्ही रात्री ताटात एक पदार्थ लागतोच. त्याला हिब्रूत हारोसेत म्हणतात. घरात मिलकाबाई त्याला नुसता खजुराचा पाक म्हणत. खजूर भिजवायचा, बिया काढून मंद आचेवर शिजवायचा, स्वच्छ फडक्यातून पिळून रस काढायचा, तो रस आटवून आटवून दाट करायचा आणि वरून बदाम आणि अक्रोड कुटून घालायचे. रंग गाऱ्यासारखा होतो आणि तसाच व्हायला हवा. मिसरात पूर्वजांनी फारोसाठी विटा थापल्या, त्या गाऱ्याची ती आठवण. गुलामीची आठवण इतकी गोड का, असं मी एकदा विचारलं, तर मिलकाबाई म्हणाल्या, "सुटलो म्हणून."

लढाईमुळे खजूर बाजारातून नाहीसा झाला होता. गणपती पेठेतला दुकानदार म्हणाला, "बसऱ्याची बोटच न्हाई तर खजूर कुठला, बाई? गूळ न्या. गूळ लय झक्कास हाय." गुळाचा गारा होत नाही, हे त्याला कुठं सांगत बसायचं? मिरजेलाही मिळाला नाही. तेव्हा मिलकाबाईंनी साताऱ्याला बनुबाईंना पत्र टाकलं.

बनुबाई त्यांच्या साताऱ्याच्या शेजारीण. त्यांचा मुलगा सयाजी पलटणीत होता आणि पलटण इराकात, बसऱ्याकडे. बनुबाईंना अक्षरओळख नव्हती. दोन वर्षं मुलाची पत्रं वाचून दाखवायचं आणि त्याला उत्तर लिहायचं काम मिलकाबाईंनी केलं होतं. सयाजी रजेवर येणार असल्याचं बनुबाईंनी कुणाकडून तरी लिहवून पाठवलेल्या शेवटच्या पत्रात होतं.

सणाला दहा दिवस उरले असताना एक उंचापुरा शिपाई खांद्यावर चटईत बांधलेलं गाठोडं घेऊन झिराडकरांच्या दारात उभा राहिला.

"मिलकाबाई तुमीच न्हवं? मी सयाजी. आईनं धाडलंय."

मिलकाबाईंनी त्याला बसवलं, पाणी दिलं. त्यानं गाठोडं सोडलं. आत काळाभोर, एकमेकाला चिकटलेला चांगला पाच-सहा शेर खजूर होता.

"एवढा!"

"तिकडं ह्येची काय मातबरी न्हाई, बाई. तिकडं कुत्री खजूर खात्यात." पाणी पिऊन तो मोकळा झाला. "पर एक इचारू? आईची समदी पत्रं तुमीच लिवत हुता?"

"हो. का रे?"

"न्हाई, मी तिकडं घाबरलो हुतो. पयल्या पत्रात आईनं लिवलं, 'चिरंजीव सयाजीस अनेक आशीर्वाद. इकडील सर्व क्षेम.' मी म्हटलं, आईला काय तरी झालं! ती मला जन्मात कवा चिरंजीव म्हणली न्हाई. मुडद्या म्हणती."

मिलकाबाई इतक्या हसल्या की शुला आतून बघायला आली.

"तुमच्या जातीची माणसं बगदादात भेटली मला," सयाजी पुढे म्हणाला. "यहुदी. दुकानं हायती त्यांची. मी म्हटलं, आमच्याकडं बी यहुदी बाई हायती, आईची पत्रं लिवत्यात. पर त्यास्नी मराठी येत न्हाई. कसली यहुदी म्हणायची!"

खजूर आला. भिंतींना चुना लागला. नवी मडकी आली, कल्हई झाली, कणकेचा डबा घराबाहेर गेला. जुनी बेने इस्राएल माणसं या सणाला अनाशी ढाकायचा सण म्हणत. अनाशी म्हणजे आंबट रसाची बरणी, ती आठ दिवस झाकून ठेवायची. मिलकाबाईंच्या घरी चिंचेच्या कोळाची बरणी होती. तिच्या तोंडाला त्यांनी दादरा बांधला आणि ती माळ्यावर टाकली. गुरुवारी, १५ एप्रिलला, लेआबाई आणि त्यांचे धाकटे भाऊ शालोममामा मिरजेला गाडी बदलून सांगलीत उतरले.

शालोममामा पेणला कोंबड्या-बकरी रीतीनं कापण्याचं काम करत. माणूस मऊ, झोपाळू. आल्याबरोबर त्यांनी पिशवीतून सुरी काढली, नखावर धार पाहिली आणि ओट्यावर दगड घेऊन बसले. मास्तर पोस्टातून येताना सणाच्या दोन रात्रींसाठी दोन कोंबड्या घेऊन आले आणि परसात पाटीखाली झाकून ठेवल्या. त्यांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जे समाधान होतं ते बढतीच्या दिवशीही मी पाहिलं नव्हतं. आक्काताईंनी पाटीखालचा आवाज ऐकला आणि परसाकडची खिडकी लावून घेतली.

लेआबाईंनी घर बघितलं. म्हणजे खरोखरच बघितलं. फडताळात हात घातला, मडक्यांना टिचक्या मारल्या, उखळाच्या तळाशी बोट फिरवून ते डोळ्यांजवळ नेलं. डोळे अजून तेज होते. नाक मात्र पन्नास वर्षांच्या तपकिरीनं बाद झालं होतं. त्यांना कशाचाच वास येत नसे.

"चुना बरा हाय," त्या म्हणाल्या. "कल्हई बरी हाय. आता सोमवारी बघू गो. मी कशाला हात लावनार नाय. पाक तू करायचा."

सोमवारी, १९ एप्रिलला, संध्याकाळी सण लागत होता आणि त्याच दिवशी सकाळी शाळेत मिलकाबाईंच्या वर्गाचा गणिताचा पेपर होता. रजा मागायची त्यांना सोय नव्हती. जूनमध्ये कायम व्हायचं होतं. आटून थोडाच उरतो म्हणून त्यांनी पहाटे उठून होता तेवढा सगळा खजूर शिजवला, फडक्यातून पिळला, रस चुलीवर ठेवला. रस आटायला अजून तीन तास लागणार होते. लेआबाई नवी भांडी रीतीप्रमाणे शुद्ध करायला, कृष्णेत बुचकळून आणायला मास्तरांना घेऊन घाटावर निघाल्या होत्या. शालोममामा ओट्यावर डुलक्या घेत होते. मिलकाबाईंनी भिंतीपलीकडे हाक मारली.

"आक्का, दोन तास माझ्या चुलीपाशी बसाल?"

"बसते की. त्यात काय हाय!"

"नीट ऐका. ह्याच पळीनं ढवळायचं, तुमची पळी नाही. पाणी घालायचं नाही. पीठ, रवा, कशाचा कणही पडता कामा नये. हात धुऊन बसा. चव बघायची नाही."

"आवं बाई, मला सोवळं शिकवता व्हय?" आक्काताई म्हणाल्या. "तुमी निवांत जावा."

मिलकाबाईंनी पाच गोष्टी सांगितल्या. सहावी त्यांच्या मनातही आली नाही. बेने इस्राएलांच्या घरात ज्या जेवणात मांस असेल त्या जेवणात दूध, दही, तूप यांचा थेंब चालत नाही. पेणच्या घरात हे शुलाएवढ्या मुलीलाही माहीत असतं. पण साताऱ्यात काय, सांगलीत काय, झिराडकरांकडे मांसच नव्हतं, त्यामुळे तुपाला अडवायचा प्रश्नच वर्षानुवर्षं आला नव्हता. मिलकाबाई स्वतः भातावर रोज तूप घेत. ती खबरदारी त्यांच्या हातातून कधी निसटली हे त्यांनाही कळलं नव्हतं.

साडेदहाला त्या धावतपळत परत आल्या. दारातच त्यांना वास आला. नको इतका छान वास.

पातेल्यात खजुराचा रस दाट होऊन काळसर तांबूस चमकत होता. कडेनं सोनेरी तवंग सुटला होता. आक्काताईंचा चेहरा त्याहून चमकत होता.

"बघा कसं झालंय! बुडाला लागाय लागलं हुतं बाई. पाणी घालू नगा म्हणला हुता, म्हणून तूप सोडलं. आज सकाळी कढवलेलं, घरच्या म्हशीचं. सणाचं गोड आन् नुसतं पाण्यात शिजवलेलं? आपल्या हातनं न्हाई व्हायचं तसलं."

तूप किती होतं याबद्दल दोन मतं आहेत. आक्काताई चमचाभर म्हणत, मिलकाबाई पळीभर. मास्तर त्या दोघींच्या मध्ये कधी पडले नाहीत.

मिलकाबाईंनी पातेल्यापाशी बसून पळीनं तवंग बाजूला सारून पाहिला.

"काय झालं? चुकलं काय?"

मिलकाबाईंनी सांगितलं. कोंबड्या आणि तूप एका जेवणात चालत नाहीत, खजूर सगळा संपला आहे, आणि हे सासूबाईंना समजलं तर आपण आणि शुला जूनमध्ये पेणला असू.

आक्काताई घाबरल्या, पण त्यांचं डोकं शाबूत होतं. "वरचा तवंग टिपून घेऊ."

"आत मुरलंय, आक्का."

"मग सांगू नगा. म्हातारीला वास येत न्हाई म्हणला हुता न्हवं? बदाम-अक्रोड घाला, तूप दडतंय. खात्याल आन् ढेकर देत्याल. कुणाला काय कळतंय!"

हे खरं होतं. मिलकाबाईंनी अक्रोडाची वाटी हातात घेतली. कूट वर पडला की तवंग शोषला जाणार होता. शालोममामा ओट्यावर घोरत होते. गल्लीच्या तोंडाशी ओल्या भांड्यांचा आवाज ऐकू येऊ लागला आणि त्याबरोबर लेआबाईंचा, "हाईम, ते तपेलं माझ्या पदराला लावू नको."

पुढं कधीतरी मी मिलकाबाईंना विचारलं की त्या वेळी तुमच्या मनात काय आलं. त्या म्हणाल्या, "विचार करायला वेळ कुठं होता? फक्त एवढं दिसलं की दोन्ही रात्री त्या माझ्यासमोर बसून हे खाणार, आणि मी त्यांच्याकडे बघणार. मला गणित शिकवायची सवय. चुकलेलं उत्तर खोडून बरोबर म्हणून दाखवायची नाही."

लेआबाई उंबऱ्यात आल्या तशा मिलकाबाई वाटी हातात घेऊनच उठल्या.

"आई, पाकात तूप पडलंय. आक्कांनी घातलं, पण चूक माझी आहे. तूप घालू नका हे मी सांगितलं नाही. सांगायचं सुचलंच नाही."

मास्तरांच्या हातून तपेलं सुटलं. ते घरंगळत जाऊन ओट्यावर आदळलं आणि शालोममामा जागे झाले.

लेआबाई सरळ चुलीपाशी गेल्या, पातेल्यात वाकून बघितलं, मग आक्काताईंकडे वळल्या.

"तू घातलंस?"

"व्हय. मीच घातलं."

"कुठल्या भांड्यातलं तूप?"

"तुपाच्या."

"त्या भांड्याला कदी कनीक लागली?"

आक्काताईंना हे लागलं. भीती गेली आणि पदर खोचला गेला. "तुपाच्या भांड्याला कनीक? आवं, आमच्यात तुपाच्या भांड्याला पाण्याचा हात लावत न्हाईत!"

"लोनी कोनी काढलं?"

"मी. आंघोळ करून, कोरडं नेसून."

"आनि पानी कसलं?"

"गाळलेलं. दुहेरी फडक्यानं. फडकं रोज धुतलेलं. गाळून जे फडक्यात उरतं ते पुना त्याच हिरीत सोडायचं."

"हिरीत? कशाला?"

"त्यातले जीव मराया नगोत म्हणून."

 आयुष्यभर लेआबाईंनी लोकांच्या स्वयंपाकघरांत खोट काढली होती. पाण्यातल्या जिवांना घरी पोचवणारी बाई त्यांना पहिल्यांदाच भेटत होती. पुढचा प्रश्न सुचेपर्यंत आक्काताईंनीच विचारला, "तुमी पेणला पाणी गाळता का?"

"पेनचं पानी चांगलं असते," लेआबाई म्हणाल्या. पण आवाज जरा खाली आला.

त्यांनी तपकिरीची डबी काढली, चिमूट ओढली आणि भावाकडे वळल्या. "शालोम, तू सांग. तूप सोवळ्याचं हाय. खजूर दुसरा नाय. काय करायचं?"

शालोममामांनी मांडीवरची सुरी पाहिली, परसातल्या पाटीकडे पाहिलं. चार दिवस त्यांनी धार लावली होती. "दूध आनि मांस एका जेवनात नाय," ते फार दुःखानं म्हणाले. "आनि खजुराशिवाय सेदेर नाय." सेदेर म्हणजे त्या रात्रीचं विधीचं जेवण.

"मग कोंबड्या राहू दे," लेआबाई म्हणाल्या.

"आज?" मास्तरांनी विचारलं.

"आज. आनि उद्या बी. पाक दोन रातींचा हाय."

"आई." मास्तरांनी परसाकडे बोट केलं. "अकरा महिने."

"फारोकडं चारशे वर्षं काढली. तू दोन दिवस काढ."

आक्काताईंना आतापर्यंत नेमकं काय ठरलं हे उमगलं नव्हतं. मिलकाबाईंनी सांगितल्यावर त्यांनी दोन्ही हात जोडले. आदल्याच दिवशी महावीर जयंतीची मिरवणूक त्या बघून आल्या होत्या. "म्हंजी माझ्या तुपानं दोन जीव वाचलं!"

"दोन दिवस वाचले," लेआबाईंनी दुरुस्ती केली.

"दोन दिस तर दोन दिस," आक्काताई म्हणाल्या आणि परसाकडची खिडकी उघडायला गेल्या.

त्या रात्री सेदेर झाला. मास्तरांनी हग्गादा, म्हणजे मिसरमधून सुटकेची कथा, हिब्रूत वाचली आणि शालोममामांनी ती मराठीत सांगितली. बिनखमिराची भाकर, कडू पाला, खारं पाणी, उकडलेलं अंडं आणि मधोमध खजुराचा पाक. त्यात तूप असल्यामुळे तो कधी नव्हे इतका चांगला लागला, असं शालोममामांनी मला खासगीत सांगितलं. लेआबाईंनी दोनदा घेतला. पण बरा म्हणाल्या नाहीत, वाईट म्हणाल्या नाहीत.

मिलकाबाईंना तीच भीती होती. लेआबाई ओरडल्या असत्या तर निकाल लागला असता. त्या आठ दिवस नुसत्या बघत राहिल्या. मिलकाबाई भात शिजवताना बघत, उत्तरपत्रिका तपासताना बघत, शुलाला निजवताना बघत. तिसऱ्या दिवशी परसातल्या एका कोंबडीनं अंडं घातलं. अंडं देणारी कोंबडी कापू नये असं लेआबाईंनी ठरवलं. दुसरीनं आळस केला, ती त्या दुपारी ताटात आली. मास्तर जेवून झाल्यावर खूप वेळ डोळे मिटून बसले होते. आक्काताईंनी ती दुपार खिडकी लावून काढली.

मधल्या एका सकाळी लेआबाई भिंतीपलीकडे गेल्या आणि तासभर आल्याच नाहीत. दोघी काय बोलल्या हे आक्काताईंनी सांगितलं नाही. येताना लेआबाईंच्या हातात पाणी गाळायचं एक दुहेरी फडकं होतं. तेवढ्यावरून काही ठरवता येत नव्हतं. मिलकाबाईंनी शुलाचे बरेचसे कपडे एका ट्रंकेत वेगळे ठेवले होते, आणि ते पुन्हा बाहेर काढायला त्या धजत नव्हत्या.

मंगळवारी संध्याकाळी सण संपला. बुधवारी सकाळी मास्तर कामावर निघाले, ते उंबऱ्यात घुटमळले. मिलकाबाई आत भांडी पुसत होत्या. 

"आई. स्टेशनवर जातो. तिकिटं काढायची."

"काढ."

"किती?"

लेआबाई फडक्याची घडी घालत होत्या. घडी नीट बसली नाही म्हणून त्यांनी ती उकलून पुन्हा घातली.

"दोन. मी आनि शालोम."

मास्तर तिथंच उभे. तारेवरचा मजकूर चुकला नाही ना, हे ते नेहमी दोनदा बघत. "दोन पूर्ण. आणि अर्धं? शुलाचं?"

"अर्धं कशाला? नातीची शाळा नाय काय इथं? आनि तिच्या आयशीची?" मग त्यांनी आत तोंड करून आवाज चढवला. "मिलके! भांडं पुसतेस का कान देऊन ऐकतेस?"

"ऐकते," मिलकाबाई आतून म्हणाल्या.

"मग ऐक. मी तुला घेऊन जायलाच आले होते. जी बाय माझ्या तोंडावर येऊन आपली चूक सांगते, तिच्यावर मी पेनला बसून काय पहारा ठेवू? जागं राहून माझी बी तपकीर फुकट जायची." फडकं पिशवीत गेलं. "पन पुढल्या वर्षी पाकाच्या दिवशी तुझी ती शेजारीन चुलीपाशी नको. माझ्याजवळ बसव. तिला खूप येते, पन ती ऐकत नाय."

भिंतीपलीकडून आक्काताईंचा आवाज आला, "ऐकलं बरं का मी!"

गाडी दुपारी सुटली. मिरजेपर्यंत पोचवायला मास्तर गेले. मिलकाबाईंनी ट्रंक उघडली, शुलाचे कपडे फडताळात लावले आणि उरलेल्या उत्तरपत्रिका घेऊन ओट्यावर बसल्या.

जूनच्या सात तारखेला, सोमवारी, शाळा उघडली आणि मिलकाबाई तिथं कायम झाल्या. पहिला तास भूगोलाचा होता. मिलकाबाई पाच मिनिटं आधी वर्गात होत्या आणि फळ्यावर नकाशा काढत होत्या.